खांद्यावरचा दाब, हातातली दोरी की कमरेचा कंपनपट्टा?

अंधारात आवाज न करता आज्ञा पोहोचवायची असेल, तर हाताच्या खुणांचा भरवसा धरता येत नाही. खूण दिसावी लागते, आणि पुढे चालणाऱ्या जवानाची पाठ आपल्याकडे असते. अशा वेळी स्पर्शाचे तीन मार्ग उरतात.

इमारतीत शिरण्यापूर्वी दाराशी एकामागे एक उभे असलेले जवान ‘तयार’ हा निरोप खांदा दाबून मागून पुढे देतात. त्याला साधन लागत नाही. शिवाय दाब पहिल्या जवानापर्यंत आला, म्हणजे मधला प्रत्येक जण तयार आहे याची खात्री त्यातच मिळते, आणि माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र हात पोहोचेल तेवढाच त्याचा पल्ला, आणि गर्दीत चुकून बसलेला धक्काही इशारा वाटू शकतो.

दबा धरून बसलेल्या तुकडीसाठी दोरी बरी. जवानांमध्ये काही अंतर असले, तरी ठरलेल्या संख्येचे हिसके एकाकडून दुसऱ्याकडे जातात. पण चालताना ती झुडपांत अडकते, त्यामुळे गस्तीसाठी तिचा विचारच करू नये.

कंपनपट्टा म्हणजे रेडिओवरून आलेली आज्ञा कंपनांतून जाणवून देणारा कमरेचा पट्टा; त्याचा दावा याहून मोठा आहे. अमेरिकी सैन्याच्या संशोधन प्रयोगशाळेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, अडथळे पार करणाऱ्या सैनिकांना नेत्याच्या हातखुणांपेक्षा कमरेवरच्या कंपनांतून आलेल्या आज्ञा लवकर कळल्या. कंपने टिपणारी त्वचेखालची मज्जातंतूंची टोके, म्हणजे पॅसिनियन ग्राहक, सुमारे 250 हर्ट्झच्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असतात. अशा पट्ट्यांतील कंपकही, म्हणजे कंपन निर्माण करणारे छोटे भागही, साधारण त्याच वारंवारतेचे असतात. कंपन कमरेच्या कोणत्या बाजूला जाणवले यावरून दिशाही सांगता येते, आणि दोन्ही हात शस्त्रावरच राहतात. उलट बाजूने, पट्टा सैल बसला तर कंपन पुसट होते, बॅटरी संपते, आणि आज्ञा रेडिओवरून येत असल्यामुळे ते प्रक्षेपण शत्रूला हेरता येते. मग शांततेचा अर्थ फक्त कानांपुरता उरतो.

तेव्हा तुकडी पसरून चालणार असेल आणि सरावाला पुरेसा वेळ असेल, तरच पट्टा घ्यावा, तोही ‘थांबा’, ‘पुढे चला’, ‘एकत्र या’ अशा मोजक्या आज्ञांपुरता. दाराशी उभ्या राहणाऱ्या चार-पाच जणांना खांदाच पुरतो, आणि पट्टा घेतला तरी खांद्याचा सराव सोडू नये, कारण बॅटरी संपल्यावर तोच कामी येतो.