जुन्या लेथला मेसा कार्ड आणि लिनक्स-सीएनसी: नाशिकमधल्या अंबडच्या शेडमधले नऊ महिने

खंडेनवमीला यंत्रांची पूजा केली तेव्हा या लेथच्या पॅनलचं दार उघडंच होतं आणि निम्म्या वायरींच्या टोकांना फेरूलही (धातूच्या टोप्या) चढले नव्हते. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पहिला जॉब कापला. त्याला आता नऊ महिने झाले. हिवाळा, उन्हाळा आणि पहिला पाऊस मशीनने पाहिला आहे, रोज एक शिफ्ट चाललं आहे. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो होतो.

लेथ नव्वदच्या दशकातला, फ्लॅट बेडचा. बेड, बॉल स्क्रू, स्पिंडल ठणठणीत, पण कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा सीएनसी संगणक, गेला. बोर्ड दोनदा दुरुस्त करून आणला, तिसऱ्यांदा दुरुस्त करणाऱ्याने हात टेकले. नवा तयार कंट्रोल सर्व्होसकट बसवायचं कोटेशन ऐकून मी मशीन भंगारात काढायच्या विचारात होतो. काकांनी अडवलं. म्हणाले, "अरे, हे बीड तीस वर्षं मुरलंय. असा बेड आता कोण देणार तुला?"

मग मेसा कंपनीचं ७आय७६ई कार्ड मागवलं, जे साधा संगणक आणि मशीन यांच्यामध्ये बसतं. कस्टम ड्यूटी, सर्व्हो, पॅनल सगळं धरूनही खर्च त्या कोटेशनच्या निम्म्याच्या आत राहिला. कार्डावर पाच अक्षांचे स्टेप-डायरेक्शन आउटपुट, २४ व्होल्टवर चालणारे ३२ इनपुट आणि १६ आउटपुट, स्पिंडलच्या एन्कोडरसाठी (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरसाठी) एक जागा आणि व्हीएफडीसाठी (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हसाठी) शून्य ते दहा व्होल्टचा आउटपुट आहे. संगणकाशी ते नेटवर्कच्या केबलने बोलतं. संगणकावर लिनक्स-सीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, जे अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेत 'एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर' म्हणून सुरू झालं आणि आज कोणालाही फुकट वापरता येतं. एक्स आणि झेडला डेल्टाचे बी२ मालिकेतले ७५० वॉटचे सर्व्हो, स्पिंडलला व्हीएफडी आणि १०२४ पल्सचा एन्कोडर, आणि चार टूलचा विजेवर फिरणारा टरेट, म्हणजे टूल बदलणारं डोकं.

आधी वायरिंगबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

सर्व्होला पहिल्यांदा सप्लाय दिला की ड्राइव्हवर लगेच एएल०१३, एएल०१४, एएल०१५ असे अलार्म येतात. ड्राइव्ह खराब निघाला असं वाटतं. तसं काही नसतं. इमर्जन्सी आणि दोन्ही बाजूंचे लिमिट स्विच थेट ड्राइव्हला जोडलेले असतील असं धरून तो कारखान्यातून येतो. ते स्विच कार्डाला जोडायचे असतील तर ड्राइव्हमधले पी२-१५, पी२-१६ आणि पी२-१७ हे पॅरामीटर शून्य करायचे. त्यानंतर पी१-०० मध्ये २ टाकून पल्स-डायरेक्शन निवडायचं. या मोटरचा एन्कोडर एका फेरीला १,६०,००० पल्सचा आहे. मी पी१-४४ मध्ये १६ आणि पी१-४५ मध्ये १ ठेवलं, म्हणजे मोटरच्या एका फेरीला कार्डाने १०,००० पल्स द्यायचे. माझा स्क्रू ५ मिलिमीटर पिचचा, म्हणजे मिलिमीटरला २,००० पल्स. मिनिटाला ६ मीटरच्या रॅपिडला, म्हणजे न कापता होणाऱ्या जलद हालचालीला, सेकंदाला २ लाख पल्स लागतात आणि ड्राइव्हच्या साध्या डिफरेन्शियल इनपुटची मर्यादा ५ लाख आहे. हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय या गिअर रेशोला (पी१-४४ आणि पी१-४५) हात लावू नका. मूळ सेटिंग तसंच ठेवलं असतं तर फेरीला एक लाख पल्स लागले असते आणि रॅपिड मिनिटाला दीड मीटरवरच अडकला असता.

दुसरी गोष्ट सेन्सरची. या कार्डाच्या इनपुटला पीएनपी सेन्सर लागतो, म्हणजे जो लागल्यावर २४ व्होल्ट देतो. होमिंगचे, म्हणजे मशीनचं मूळ स्थान शोधायचे, प्रॉक्सिमिटी सेन्सर (प्रॉक्सी) मी पीएनपीच घेतले. पण टरेटच्या आतली हॉल सेन्सरची चकती एनपीएन निघाली. ती लागल्यावर वायर शून्याला ओढते, कार्डाला काही कळत नाही. प्रत्येक सेन्सरच्या वायरवर २४ व्होल्टकडून २.२ किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावला आणि प्रोग्रॅममध्ये सिग्नल उलटा वाचला. चार रेझिस्टरचं काम, पण त्याआधी दोन दिवस मी कार्डावरच संशय घेत बसलो होतो.

इमर्जन्सीचं बटन फक्त सॉफ्टवेअरला जोडून सोडू नका, हे मी हात जोडून सांगतो. माझ्याकडे बटन सेफ्टी रिलेवर जातं, रिले कॉन्टॅक्टर सोडतो आणि सर्व्होची मुख्य पॉवर तुटते. ड्राइव्हची कंट्रोल पॉवर वेगळ्या टर्मिनलवर आहे, ती चालू राहते, म्हणून अलार्म वाचता येतो. सॉफ्टवेअरला बटन दाबल्याची फक्त खबर मिळते. कार्डात वॉचडॉग आहे, संगणक गोठला तर आउटपुट स्वतःहून बंद होतात, आणि ते चांगलंच आहे. पण चकजवळ हात असलेला माणूस वॉचडॉगच्या भरवशावर सोडायचा नसतो.

आता अर्थिंग. नाशिकमध्ये मुरमाखाली लगेच काळा कातळ लागतो. आमचा अर्थिंगचा खड्डा एप्रिलमध्ये कोरडा पडला. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज वाढला, संगणकाच्या डब्याला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. खड्ड्यात आठवडाभर पाणी सोडलं, मीठ-कोळसा पुन्हा भरला, तेव्हा ते थांबलं. मात्र खड्डा माणसाला वाचवण्यासाठी असतो. सिग्नलमध्ये घुसणारा व्हीएफडीचा कचरा त्याने जात नाही, त्यासाठी पॅनलच्या आतली जोडणीच नीट लागते. हे मला आट्यांनी शिकवलं.

एम२० गुणिले १.५ चे आटे पाडायचा जॉब आमच्याकडे नेहमीचा. नोव्हेंबरमध्ये दर दहा-बारा नगांत एखादा नग असा यायचा की शेवटच्या पासला आट्याचं डोकं कापलं जायचं. आमच्याकडे सगळे ज्यांना मामा म्हणतात ते ऑपरेटर नग हातात देऊन म्हणाले, "शेठ, टूल हललेलं नाही, मी दोनदा आवळलंय. मशीन दुसरीकडूनच सुरुवात करतंय." त्यांचं निदान बरोबर होतं. आटे पाडताना प्रत्येक पास एन्कोडरच्या इंडेक्स पल्सवर सुरू होतो. इंडेक्स फेरीत एकदाच येतो, म्हणून दर वेळी टूल त्याच खाचेत उतरतं. मध्येच खोटी पल्स आली तर तो पास भलत्याच कोनातून सुरू होतो.

या कंट्रोलरचं मोल मला इथे कळलं. लिनक्स-सीएनसीत हालस्कोप नावाचं साधन आहे. आतला कुठलाही सिग्नल पडद्यावर रेघेसारखा पाहता येतो. स्पिंडलची स्थिती आणि इंडेक्स-एनेबल या दोन रेघा लावल्या. इंडेक्स आला की स्थिती शून्य होते, म्हणून पुढच्या इंडेक्सला ती पूर्ण फेऱ्यांच्या आकड्यावर असायला हवी. अर्धा तास पाहत बसलो आणि एकदा ती ३.४ फेऱ्यांवरच शून्य झाली. वायर उलगडत गेलो तर एन्कोडरच्या केबलची जाळी पॅनलच्या टोकाला जोडलेलीच नव्हती. ती मीच फेरूल करताना कापून मागे दुमडली होती. शिवाय केबल व्हीएफडीच्या मोटर केबलच्या डक्टमधूनच नेली होती. जाळी पॅनलच्या पत्र्याला, रंग खरवडून, क्लॅम्पखाली दाबली. केबल वेगळ्या डक्टमध्ये घेतली, जिथे ओलांडावी लागते तिथे काटकोनात नेली. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर आणि डीसी रिलेवर डायोड लावले. तेव्हापासून आजवर एकही आटा कापला गेलेला नाही.

जुन्या कंट्रोलवर असं झालं असतं तर बोर्ड काढून पाठवून महिनाभर वाट पाहिली असती. इथे दोष माझ्याच डोळ्यांसमोर उभा राहिला.

प्रोग्रॅमिंगचे दोन भाग आहेत. मशीनचं वर्णन एका आयएनआय फाइलमध्ये असतं: वेग, त्वरण, स्केल, होमिंग, बॅकलॅश. कुठला सिग्नल कुठे जोडायचा ते हाल फाइलमध्ये. पॅनलमध्ये वायरमन जे करतो तेच इथे अक्षरांत करायचं, पिनपासून पिनपर्यंत. ज्याने हयातभर पॅनल बांधले त्याला हाल लवकर कळतं, संगणकवाल्याला जरा उशिरा, असं माझं मत झालं आहे. सुरुवातीची फाइल विझार्ड तयार करून देतो. टरेटसाठी मात्र मला शंभरएक ओळींचा छोटा कंपोनंट लिहावा लागला: मोटर पुढे फिरव, हवा तो सेन्सर आला की थांब, मग उलट फिरवून खाचेत बसव, ठरलेल्या वेळानंतर मोटर बंद कर. प्रत्येक पायरीला वेळेची मर्यादा घातली होती.

त्या मर्यादेने मार्चमध्ये मोटर वाचवली. आमच्या भागात ट्रान्सफॉर्मरचं काम झालं. लाइट आली, मशीन होम झालं, पहिला टूल बदलायला सांगितला तर टरेट जागच्या जागी घरघरला. चार सेकंदांत कंपोनंटने मोटर सोडली आणि पडद्यावर संदेश आला. दोन फेज अदलाबदल झाले होते, 'पुढे' सांगितल्यावर टरेट खाचेवरच दाबला जात होता. स्पिंडलला काहीच कळलं नाही, कारण व्हीएफडी आधी सगळ्याचा डीसी करतो. कूलंटची धार मात्र बारीक झाली होती, पंपही उलटा फिरत होता. त्याच दिवशी फेज सीक्वेन्स रिले बसवला. तीन फेजच्या मोटरवर टरेट असेल तर तो पहिल्या दिवसापासून लावा.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. कार्ड मुळात १९२.१६८.१.१२१ या पत्त्यावर येतं आणि ऑफिसच्या ब्रॉडबँडचा राउटरही त्याच कुळातला होता. जंपर बदलून कार्ड १०.१०.१०.१० वर नेलं आणि त्याला संगणकाचं स्वतंत्र पोर्ट दिलं, मध्ये स्विच नाही की राउटर नाही. संगणकाच्या बायोसमध्ये वीज वाचवणाऱ्या सगळ्या सोयी बंद केल्या. पोर्ट इंटेलचं असल्याने आरएक्स-युसेक्स शून्य केलं. आधी आठवड्यातून एखादा रिअलटाइमचा इशारा यायचा, तो गेला.

मामांना त्रास झाला तो जुन्या प्रोग्रॅमचा. फॅनक कंपनीच्या कंट्रोलची सवय असलेल्या हाताला इथे बरंच बदलावं लागतं. तिथे यू आणि डब्ल्यू म्हणजे एक्स आणि झेडमधली वाढ, इथे ते वेगळे अक्षच आहेत. टी०१०१ ने टूल आणि ऑफसेट दोन्ही येत नाही, टी१ एम६ आणि मग जी४३ लिहावं लागतं. जी७६ तिथे दोन ओळींचा, इथे एकाच ओळीत आणि वेगळ्या अक्षरांचा. जी९६ ला (कापण्याचा वेग कायम ठेवणाऱ्या कोडला) कमाल आरपीएमची मर्यादा जी५० ने नाही तर त्याच ओळीत डी लिहून द्यायची. हे शेवटचं विसरलं तर फेसिंगला टूल मध्याकडे जाताना स्पिंडल भयानक वेग पकडतो. मामांच्या वहीतले प्रोग्रॅम आम्ही दोघांनी रोज संध्याकाळी बसून बदलले. त्याला जवळपास पूर्ण डिसेंबर गेला. या खर्चाची कल्पना मला कोणी आधी दिली नव्हती, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आणखी एक उणीव. कार्डावर एन्कोडरची जागा एकच, ती स्पिंडलने घेतली. त्यामुळे होमिंगला सर्व्होचा इंडेक्स वापरता येत नाही, सगळं प्रॉक्सीवर अवलंबून. सुरुवातीला लाइट जाऊन आल्यावर व्यासात मिलिमीटरच्या दोन शतांशांचा फरक पडायचा. दुसऱ्यांदा स्विच पकडण्याचा वेग खूप कमी केल्यावर तो शतांशाच्या आत आला. मला पुरतं. बेअरिंगच्या बसणीचे जॉब करणाऱ्याला पुरणार नाही, त्याने वाढीव कार्ड घ्यावं.

ज्याच्याकडे एकच मशीन आहे, रोजचं उत्पादन त्यावर अवलंबून आहे आणि शेडमध्ये मल्टिमीटर धरणारं कोणी नाही, त्याने तयार कंट्रोल घ्यावा. फोन केल्यावर माणूस येतो, त्याची किंमत असते. इथे येणारा माणूस आपणच. मला ते मानवलं. काका आता सकाळी आधी या लेथपाशी उभे राहतात, पडद्यावरचा लोड पाहतात आणि मग चहा घेतात.

मामांची एक मागणी राहिली आहे, हँडव्हीलची. टच-ऑफ करताना (टूल जॉबला टेकवून माप घेताना) बटनाने जॉग करणं, म्हणजे अक्ष सरकवणं, त्यांना पटत नाही, आणि त्यांचं खरं आहे. कार्डाच्या काही साध्या इनपुटवर हँडव्हीलचे पल्स मोजायची सोय आहे, फक्त ड्रायव्हर सुरू करताना मोड बदलायचा. चार इनपुट मी त्यासाठी पहिल्यापासून रिकामे ठेवलेत, वायर ओढून टर्मिनलवर नंबरही घातलेत. हँडव्हील आणलं की येत्या सुट्टीला ते बसेल.