सात रस्त्याजवळचे लायसन्सवाले: फूडच्या कामाला जावा, उद्यमला नको

वहिनी घरीच शेंगदाणा चटणी आणि कडक भाकरी करून विकते, आधी गल्लीतच चालायचं पण मग पुण्यातनं ऑर्डरी यायला लागल्या तेव्हा म्हटलं कागदपत्रं करून टाकू, म्हणून सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका लायसन्सवाल्याकडं (लायसन्स काढून देणारा एजंट) गेलतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, अनुभव कळाला तर बास.

गेल्या गेल्या पॅकेजच सांगतात. फूड (खाण्याचे पदार्थ विकायची एफएसएसएआयची नोंदणी), शॉप ॲक्ट (दुकान-धंद्याची नोंदणी), उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), जीएसटी सगळं मिळून एकच आकडा, कशाचे किती विचारलं की "सगळं धरून आहे की साहेब". आता उद्यमला सरकार एक रुपया घेत नाही, आधार पॅन असलं की मोबाईलवर ओटीपी टाकून आपलं आपण होतं, त्याचे कसले पैसे?? शॉप ॲक्टला पण कामगार थोडे असले की 2017 च्या कायद्यानं नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, आणि आमच्याकडं वहिनी अन् मदतीला एक मावशी. जीएसटी तर लागतच नव्हता, माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या विक्रीपर्यंत सूट आहे आणि आमच्या ऑर्डरी सगळ्या महाराष्ट्रातल्या. राज्याबाहेर, हैदराबादला पाठवायचं असतं तर गोष्ट वेगळी. हे तीन काढायला लावले तेव्हा कुठं रेट खाली आला.

फूडचं काम मात्र भारी केलं, खोटं का बोला. धंदा लहान म्हणून साधं रजिस्ट्रेशन पुरलं, सरकारी फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती. खरा फायदा झाला लेबलचा. तिथल्या मॅडमनी आमचं पाकीट हातात घेऊन एकेक चूक काढली, रजिस्ट्रेशनचा 14 आकडी नंबर कुठं टाकायचा, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, जे जास्त पडतं ते आधी अशा क्रमानं जिन्नस, आणि ॲलर्जीची ओळ. शेंगदाणा चटणीवर "यात शेंगदाणे आहेत" लिहायचं, वहिनी हसून हसून बेजार! पण नियमच आहे तो. वजनकाट्यावर वैधमापनचा (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) शिक्का आहे का ते पण विचारलं, जे आमच्या डोक्यातच नव्हतं.

पाचपैकी तीन स्टार. फोटो, लाईट बिल आणि झेरॉक्स घरनंच घेऊन जावा, तिथं झेरॉक्सचा रेट पण पॅकेजसारखाच आहे.