ब्रा मागवली आणि फराळाचे 34,799 रुपये गेले, प्लीज वाचा

नमस्कार मैत्रिणींनो. हे लिहू की नको ह्यातच तीन आठवडे गेले. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, वय 49. घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. ह्या दिवाळीला चकली, अनारसे, चिवडा करून करून हात सुजले होते, आणि त्याच पैशांतले 34,799 एका दुपारी गेले. कारण काय, तर ब्रा. शब्द सरळच लिहितेय, कारण हाच शब्द तोंडातून निघेना म्हणून माझे दोन दिवस फुकट गेले आणि पैसे परत मिळायची वेळ पण गेली.

पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं. वजन नऊ किलो वाढलं, सगळं पोटावर, पाठीवर आणि छातीवर. आणि नुसतं वाढलं असतं तर मोठा नंबर घेतला असता, पण आकारच बदलला ना, वरचा भाग रिकामा, खाली ओघळलेलं, काखेजवळ वळ्या. आमच्या गायनॅक मॅडमनी सांगितलं की इस्ट्रोजेन कमी झालं की आतल्या ग्रंथी आकसतात, त्यांची जागा चरबी घेते, ताठपणा जातो, ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. (पण एकाच बाजूला बदल, गाठ, कातडीला खळी, निपलमधून पाणी किंवा रक्त असं काही दिसलं तर ब्राचं नंतर बघा, आधी डॉक्टर. माझी मॅमोग्राफी केली, ठीक आली.)

मी वर्षानुवर्षं 38बी घालायचे (38 हा पाठीच्या पट्ट्याचा म्हणजे बँडचा नंबर, बी हा कपचा). मग पाठीमागून पट्टा वर चढायला लागला, खांद्यावर लाल वळ, संध्याकाळी मान धरायची. मंगळ बाजारात गेले तर तिथला भाऊ लांबूनच बघून म्हणाला "बेन, चालीस लई जाव", आणि मी 40बी घेऊन आले. ट्रायल नाही, काही नाही, भर गर्दीत पुरुषासमोर कोण विचारणार कप कुठला आणि बँड कुठला. त्याने खांदे अजूनच दुखायला लागले.

मी फोनवर मानदुखीचे व्यायाम शोधत होते आणि दुसऱ्या दिवसापासून ती जाहिरात सुरू झाली. पांढरा कोट घातलेली बाई, "चाळिशीनंतर खांद्यावर वळ पडतात? पाठ वाकते?" अगदी माझंच दुखणं. पुढून हुक, पाठीला क्रॉस पट्टे, पोश्चर सरळ करणारी, वायर नाही, कुठल्याही मापाला बसते, तीन पीस 1,299, आज रात्री 12 पर्यंतच. खाली बायकांच्या कमेंट्स, "मेरी सास को बहुत आराम मिला" वगैरे. आता कळतंय की "कुठल्याही मापाला बसते" इथेच थांबायला हवं होतं, कारण जी सगळ्यांना बसते ती आधार कुणालाच देत नाही. पण खांदा दुखत असताना एवढं सुचत नाही हो, आणि कॅश ऑन डिलिव्हरी होतं म्हणून वाटलं धोका काय.

पार्सल आलं. कुरियरवाल्याने पैसे घेतल्याशिवाय उघडू दिलं नाही. आत तीन पातळ पॉलिएस्टरचे तुकडे, सुटा स्पंज, लेबलवर फक्त एक्सएल. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही, आणि हे सगळं छापणं कायद्याने जरूरी असतं. फक्त एक चिठ्ठी होती, "फिटिंगमध्ये प्रॉब्लेम असेल तर आमच्या एक्स्पर्ट मॅडमना व्हॉट्सअ‍ॅप करा."

खरी फसवणूक इथून सुरू झाली. 1,299 वर थांबले असते तर मी हे लिहिलंच नसतं.

मॅडम इतक्या गोड बोलायच्या, हिंदीत, दीदी दीदी करून. त्यांनी मेनोपॉजचं विचारलं, पाठ कुठे दुखते विचारलं. मला घरात इतकं कोणी विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या की इनरवेअर हायजीनमुळे रिटर्न होत नाही पण तुमच्या मापाची बनवून देऊ, फोटो पाठवा, समोरून आणि बाजूने, चेहरा कापा. मी कुर्त्यावरून टेप लावून एक फोटो पाठवला. तर म्हणे असं माप कळत नाही, फक्त ब्रावर पाठवा, इथे सगळ्या लेडीजच आहेत. मी नाही म्हणाले. पण खरं सांगते, लगेच नाही म्हणाले नव्हते. रात्रभर विचार केला की काय हरकत आहे, चेहरा तर नाहीये. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो, कारण पलीकडे बाई होती की कोण आणि त्या फोटोचं पुढे काय झालं असतं देव जाणे. कुठलीही खरी दुकानदार माप इंचात विचारते, असा फोटो मागत नाही. मागितला की तिथेच ब्लॉक करा, आणि पाठवून बसला असाल आणि आता धमक्या येत असतील तर एक रुपया देऊ नका, चॅट डिलीट करू नका, तक्रार करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी पोर्टलवर बायकांच्या अशा तक्रारींसाठी वेगळा भाग आहे.

मी फोटो देत नाही बघून मॅडम म्हणाल्या, ठीक है दीदी, रिफंड घ्या. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला लावली, एक क्यूआर पाठवला, म्हणाल्या हा स्कॅन करा, चौकटीत रिफंड कोड टाका 19999, मग पिन. मी टाकला. पैसे गेल्याचा मेसेज आला तर म्हणाल्या सिस्टिममध्ये अडकले, उलटे करायला दुसरा कोड टाका 14800. तो पण टाकला. ती चौकट रकमेची होती हे मला वाचता येत नव्हतं असं नाही, पण कानात सारखा आवाज चालू, "जल्दी दीदी, टाइम आउट हो जाएगा", आणि डोकं चालेनासं झालं. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. हे मला माहीत होतं, बँकेत बोर्ड लावलेला आहे, मी सासूबाईंना स्वतः समजावलं होतं.

मग दोन दिवस मी गप्प. ह्यांना काय सांगू? पैसे गेले सांगितलं तर विचारणार कशात, आणि मग ते पातळ तुकडे काढून दाखवायचे, फोटो मागितल्याचं सांगायचं. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी हे तेलाचे डबे आणायचे म्हणून पैसे मागायला लागले तेव्हा रडतच सगळं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत, आधी फोन घेतला आणि 1930 लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, सगळ्या भारतात एकच नंबर. तिथे पहिला प्रश्न हाच की व्यवहार कधीचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतात, लवकर कळवलं तर मधल्या एखाद्या खात्यात अडवता येतात. माझे फक्त 4,200 अडकवता आले, बाकी आधीच काढून घेतलेले. बँकेला पण त्याच दिवशी लेखी कळवा, कारण पिन आपणच टाकला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मालच खोटा निघाला असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वेगळी.

सायबर सेलमध्ये मी अर्जात "कपड्यांची खरेदी" लिहिलं. तिथल्या लेडी कॉन्स्टेबलने वाचून विचारलं, "बेन, कपडां एटले शुं?" म्हणजे कसले कपडे. मी खाली बघून सांगितलं. तिने तो शब्द खोडला, ब्रा लिहिलं, आणि म्हणाली जे मागवलं तेच लिहायचं, त्याच जाहिरातीवरून दुसरी कोणी आली तर दोन्ही अर्ज जुळतील. किती साधी गोष्ट, आणि मला सुचली नव्हती.

आता ज्या कामासाठी एवढं झालं ते शेवटी कसं जमलं ते पण सांगते, नाहीतर तुम्ही पण त्या जाहिरातींकडे वळाल. माझी भाची सयाजी विद्यापीठात क्लोदिंग अँड टेक्सटाइल्स शिकलेली. तिला सगळं कळल्यावर ती टेप घेऊनच आली. म्हणाली, मामी, ब्राचं मुख्य वजन पाठीच्या पट्ट्याने पेलायचं असतं, खांद्याच्या पट्ट्यांनी नाही. पट्टा सैल झाला की मागून वर चढतो आणि सगळा भार खांद्यावर येतो. मी दर वेळी नंबर वाढवत गेले म्हणजे पट्टा अजूनच सैल करत गेले. तिने माप घेतलं तर मला बसली 36डी. मी ऐकूनच दचकले, डी म्हणजे फार मोठं असं डोक्यात बसलेलं. तर ती म्हणाली 40बी, 38सी आणि 36डी ह्या तिन्हींचा कप आतून सारखाच भरतो, फक्त पट्टा बदलतो. म्हणजे कप माझा बरोबरच होता आणि पट्टा दोन नंबर सैल! इतकी वर्षं हे कुणीच कसं सांगितलं नाही?

प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे माझा नंबर तुम्ही घेऊ नका, माप घ्या. एक छातीच्या खाली, टेप नीट टेकवून, एक सगळ्यात भरलेल्या जागी. घालून बघताना सगळ्यात सैल हुकवर बसली पाहिजे, म्हणजे पुढे इलॅस्टिक सैल पडलं की आतल्या हुकवर जाता येतं. पुढे वाकून दोन्ही बाजू काखेतून आत घ्या, मग सरळ व्हा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच घट्ट हवा, हात वर केले तरी हलायला नको, मधली पट्टी छातीच्या हाडाला टेकायला हवी. खांद्याचे पट्टे सगळ्यात शेवटी. आणि मशीनच्या गरम पाण्यात टाकू नका, पिळू नका, उष्णतेने इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, मरतो.

भाची मला मंगळ बाजारातच एका दुकानात घेऊन गेली, तिथे आत एक बेन बसतात, पडदा लावून ट्रायल देतात. दोन घेतल्या, 1,150 झाले, पक्कं बिल मिळालं. खांद्यावरचे वळ आठ-दहा दिवसांत गेले.

मागच्या गुरुवारी परत कुरियरवाला आला, माझ्या नावाने पार्सल, 899 कॅश ऑन डिलिव्हरी. मी काहीच मागवलं नव्हतं. नाव, नंबर, पत्ता सगळं त्यांच्याकडे आहेच ना. घरात फक्त सासूबाई असत्या तर त्यांनी पैसे देऊन ठेवून घेतलं असतं. मी पाकिटाचा फोटो काढला, पार्सल तसंच परत पाठवलं आणि तो फोटो त्या कॉन्स्टेबल बेनना नेऊन दिला.