पावसाळ्यात इंदूरला आरसी प्लेन उडवायचंय: ट्रेनर, फ्लाइंग विंग, जायरो की सिम्युलेटर?

उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिलं आरसी म्हणजे रिमोटवर उडणारं प्लेन घेतलेले आणि आता घ्यायच्या विचारात असलेले, दोघांचाही जूनमधला प्रश्न एकच असतो की खराब हवामानात टिकेल असं काय घ्यावं. माझं मत आधीच सांगून टाकतो. हात अजून बसला नसेल तर ट्रेनर म्हणजे शिकायचं प्लेन, पण ते ऑक्टोबरमध्ये (आधीच घेतलं असेल तर तोवर भिंतीला टांगून ठेवा), आणि तोवर सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवरचा सराव कुटा, आणि हात बसलेला असेल आणि पावसाळ्यात उडवायचंच असेल तर बिनशेपटीची फ्लाइंग विंग, तीही थोडी जड. जायरोचं काय ते पुढे येतंच.

लोकं पावसाला घाबरतात, पण बहुतेक प्लेनं वाऱ्याने पडतात. आपल्या मालव्यात मे महिन्यापासून पश्चिमेचा वारा जो सुटतो तो जुलै-ऑगस्टपर्यंत काही थांबत नाही, मधे एखादा दिवस शांत मिळाला तर मिळाला. मोबाइलमधलं वेदर ॲप वाऱ्याचा जो आकडा दाखवतं ना तो सरासरीचा असतो, तो बघून निघायचंच नाही, झोताचा म्हणजे गस्टचा आकडा बघायचा. विंडी नावाच्या ॲपवर तो वेगळा दिसतो. सरासरी ताशी १८ किमी आणि झोत ३८ असेल तर तुमच्या प्लेनला सामना ३८ शी करायचाय.

आता हिशोब बघा. साधारण मीटरभर पंखाचं, ७०० ग्रॅमचं फोमचं हाय-विंग म्हणजे वर पंख असलेलं ट्रेनर घेतलं तर ते ताशी २५-२८ किमीच्या खाली गेलं की स्टॉल होतं, म्हणजे पंखाला उचल पुरत नाही आणि ते पडतं, आणि आरामात उडतं ते ३५-४० ला. समोरून ३५ चा झोत आला की प्लेन हवेत जागच्या जागी उभं. बघायला मजा येते, पण वळवून पाठवारा घेतला की तेच प्लेन जमिनीच्या हिशोबाने ताशी ७० ने पळतंय, नवशिक्याला वाटतं अरे फार फास्ट झालं, तो थ्रॉटल कमी करतो आणि स्टिक ओढतो, आणि प्लेन नाक खाली करून शेतात. हवेच्या मानाने त्याचा स्पीड कमीच होता, फास्ट दिसत होता तो जमिनीच्या मानाने. पावसाळ्यातले अर्धेअधिक क्रॅश मला याच एका वळणावरचे वाटतात.

त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा थोडी पातळ, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने सांगितलेला स्टॉलचा आकडा इथे किंचित वाढवून धरा. फरक दोन-तीन टक्क्यांचा आहे, जीव नका टाकू त्यात. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा दुप्पट तर धक्का चौपट, हे मात्र लक्षात असू द्या. नवीन माणसाने १०-१२ किमीच्या वर वारा असेल तर गाडीतून प्लेन काढूच नये. हात बसलेल्याने आपल्या प्लेनच्या स्टॉल स्पीडच्या निम्म्यापर्यंत जावं, त्याच्या पुढे नशिबाचा खेळ.

ट्रेनरची अडचण अशी की त्याला जो गुण म्हणून विकतात तोच वाऱ्यात दोष होतो. पंख वर, दोन्ही टोकं थोडी उचललेली, त्यामुळे शांत हवेत हात सोडला तरी ते आपोआप सरळ होतं. पण बाजूने झोत आला की त्या उचललेल्या पंखाखाली हवा घुसते आणि प्लेन कलंडतं. तीन चॅनलचं, एलेरॉन (पंखावरच्या, प्लेन कलवणाऱ्या फळ्या) नसलेलं असेल तर अजून वाईट, नुसत्या रडरने (शेपटीवरच्या उभ्या फळीने) उत्तर द्यायला उशीर लागतो तोवर दुसरा झोत हजर. शिवाय खाली चाकं. आपल्याकडची काळी माती ओली झाली की चाक रुततं, प्लेन नाकावर उलटं होतं आणि प्रॉपेलर गेला. पावसाळ्यात ट्रेनर उडवायचंच म्हणत असाल तर निदान चाकं काढा, पोटाला पॅकिंगची जाड टेप मारा आणि गवतावर पोटाने उतरवा. बाल्साचं, इंजिनचं वगैरे असेल तर ओल्या हवेत त्याची फिल्म सैल पडते, लाकूड वाकतं, त्याला पावसाळाभर घरात ठेवा, त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं नाही.

फ्लाइंग विंग म्हणजे शेपूट नसलेलं, नुसता पंख, त्यावरच्या फळ्या हलवणाऱ्या दोन छोट्या मोटरी म्हणजे सर्व्हो, मागे मुख्य मोटर. तेवढ्याच वजनात आणि ट्रेनरच्याच ए२२१२ मोटरवर, ३० अँपिअरच्या ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड) आणि ३एस म्हणजे तीन सेलच्या, २२०० एमएएचच्या लायपो बॅटरीवर ते आरामात ६०-७० ने जातं, म्हणून २५ चा वारा त्याला लागतो पण अडवत नाही. मोडायला शेपूट नाही, चाकं नाहीत, पुढे प्रॉपेलर नाही. ईपीपी या लवचीक फोमचं असेल तर आपटून उसळतं आणि परत उडतं. ईपीपी इंदूरला दुकानात सहज मिळत नाही, बाहेरून मागवावं लागतं, पण कोरोप्लास्ट मिळतं, तेच ते फ्लेक्सवाल्यांकडचं, ज्याचे निवडणुकीत खांबाखांबावर बोर्ड लागतात. फोमपेक्षा जड असतं आणि शांत हवेसाठी मी ते कधी सुचवणार नाही, पण वाऱ्यात तेच वजन कामी येतं, आणि पाण्याने त्याचं काही बिघडत नाही. कागद चिकटवलेला फोमबोर्ड मात्र नको, दोन शिंतोडे पडले की कागद सुटतो.

पण विंग हे पहिलं प्लेन नाही हो. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी म्हणजे तोलाचा बिंदू पाच-सात मिलिमीटर मागे गेलं तरी ते बेभान होतं. ट्रान्समीटरमध्ये म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये एलेव्हॉन मिक्सिंग लावावं लागतं (त्याच दोन फळ्यांनी वर-खाली आणि कलणं दोन्ही होतं), फ्लायस्काय एफएस-आय६ या ट्रान्समीटरमध्ये ते आहे. हाताने फेकावं लागतं, तेही सरळ वाऱ्यात तोंड करून, आणि मागचा प्रॉपेलर बोटांजवळून जातो म्हणून आधी फेका, हात सुटल्यावर मग थ्रॉटल. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वरून-खालून सारखंच दिसतं. ढगाळ आकाशात शंभर मीटरवर पांढरी विंग गेली की ती येतेय की जातेय कळत नाही. खालून काळा किंवा गडद रंग मारा, वर भडक नारिंगी, एका टोकाला जाड पट्टा. करड्या आकाशावर गडद रंग उठून दिसतो. लोकं हौसेने पांढऱ्या-निळ्या रंगात सजवतात आणि मग शोधत बसतात.

शोधण्यावरून आठवलं, सोयाबीन. जुलैत पेरणी झालेली असते, ऑगस्टमध्ये गुडघाभर होतं, आणि त्यात पडलेलं प्लेन दहा पावलांवरूनही दिसत नाही. पडताना मऊ पडतं हे खरं, पण मिळणार कसं? रिसीव्हरला (प्लेनमधला सिग्नल पकडणारा भाग) लागणारा छोटा बझर मिळतो, किरकोळ किमतीचा, तो लावल्याशिवाय पावसाळ्यात उडवू नका. आणि शेतात घुसायच्या आधी मालकाला विचारा, त्याचं पीक तुडवून दुसऱ्या दिवशी तिथे परत उडवायला मिळेल ही आशा सोडा.

आता जायरो. म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होच्या मधे लागणारा स्टॅबिलायझर. विकणारे असं बोलतात जसं काही हा लावला की वारा थांबतो. काम तो करतो, छोटे हेलकावे तो तुमच्या अंगठ्याच्या आधी ओळखून दुरुस्त करतो, १५-२० च्या वाऱ्यात ट्रेनर बऱ्यापैकी सरळ राहतं. पण त्याला हवेतला स्पीड कळत नाही. सेल्फ-लेव्हल मोडमध्ये तो प्लेन सरळ धरून ठेवतो, तुम्हाला वाटतं सगळं ठीक, आणि स्पीड गेलेला असतो, मग स्टॉल काही सूचना न देता येतो. गेन म्हणजे त्याच्या दुरुस्तीचा जोर जास्त ठेवलात तर वेगात पंखाच्या-शेपटीच्या हलत्या फळ्या थरथरायला लागतात. माझ्या मते जायरो विंगवर लावा, साध्या रेट मोडमध्ये (नुसते हेलकावे मारतो, प्लेन स्वतःहून सरळ करत नाही), गेन कमी. ट्रेनरवर लावून तीसच्या वाऱ्यात जायचं असेल तर पैसे वाचवा. वजनात आणि स्पीडमध्ये जे नाही ते चिपमधून येत नाही.

सिम्युलेटरला लोक नाक मुरडतात, पोरांचा गेम म्हणून. पण वारा शिकायला यापेक्षा स्वस्त काही नाही. तुमचाच ट्रान्समीटर केबलने कॉम्प्युटरला जोडता येतो. पिकासिम आहे, रियलफ्लाइट आहे (महाग आहे), बहुतेकांत वाऱ्याचा वेग आणि टर्ब्युलन्स वेगवेगळा सेट करता येतो. १० पासून सुरू करा आणि रोज थोडा वाढवा. सराव लूपचा नाही करायचा, फक्त लँडिंगचा. वाऱ्यात तोंड, थ्रॉटल पूर्ण बंद करायचा नाही, कारण जमिनीजवळ वारा कमी असतो आणि खाली येता येता प्लेनचा हवेतला स्पीड एकदम पडतो. शेवटचं वळण उंचावर आणि मोठं घ्या. हे हाताला लागलं की मग मैदानावर या. जे सिम्युलेटरवर नाही मिळत ते म्हणजे झाडांच्या मागचा भोवरा. वारा येतो त्या बाजूला झाडांची रांग किंवा बिल्डिंग असेल तर तिच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत हवा गढूळ असते, म्हणून मैदानात नेहमी झाडं वारा जातो त्या बाजूला राहतील असे उभे रहा. प्लेन मात्र कायम वारा येतो त्या बाजूला ठेवायचं, म्हणजे काही बिघडलं तर ते तुमच्याकडे वाहत येईल, लांब जाणार नाही. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर प्लेनने काय करायचं त्या सेटिंगमध्ये, थ्रॉटल शून्य.

सकाळी सहाला जाऊ, तेव्हा वारा नसतो, असं इथे सगळे म्हणतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे शंभर टक्के बरोबर, पोहे-जलेबीच्या आधी उडवून या, मस्त हवा असते. जुलैत रात्रभर ढग असले की जमीन तेवढी गार होत नाही आणि पहाटेही वारा चालूच राहतो, तेव्हा या सवयीवर भरवसा ठेवून अलार्म लावू नका, आधी आकडा बघा.

प्रत्यक्ष पावसाचं म्हणाल तर रिमझिमीत विंग उडते. ब्रशलेस मोटरला पाणी चालतं, नंतर बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. ईएससी, रिसीव्हर आणि सर्व्होला चालत नाही. त्यांच्या बोर्डवर कन्फॉर्मल कोटिंग (पाणी रोखणारा पातळ थर) किंवा निदान रंग नसलेली नेलपॉलिश, कनेक्टर सोडून. दिसेल त्या अंतरात २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलचं पाऊस काही बिघडवत नाही, भिजतो तो ट्रान्समीटर, स्टिकच्या खाचेतून पाणी आत जातं, म्हणून हात आत जातील अशी पारदर्शक पिशवी वर घाला. पंखावर थेंब चिकटले की वरची हवा लवकर सुटते, म्हणजे ओलं प्लेन कोरड्यापेक्षा थोडं आधी स्टॉल होतं, उतरताना तेवढा स्पीड जास्त ठेवा. बॅटरीचा वेळही कमी धरा, समोरच्या वाऱ्यात थ्रॉटल वर लागतो आणि दहा मिनिटांचं फ्लाइट सहा मिनिटांत संपतं.

वीज चमकली तर यातलं काहीच लागू नाही. चमक आणि गडगडाट यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किमीच्या आत आहे, लगेच उतरवा आणि गाडीत बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. वीज पडून जाणाऱ्या माणसांच्या आकड्यात मध्यप्रदेश देशात वरच्या नंबरांत असतो आणि मोकळ्या रानात सगळ्यात उंच तुम्हीच असता. वादळाच्या आधी वारा अचानक पडतो, दोन मिनिटं छान शांत होतं, आणि मग उलट्या दिशेने येतो. त्या दोन मिनिटांत टेकऑफ करणारे भिया मी पाहिलेत, त्यांचं प्लेन मग सांवेरकडे निघतं.

जागेचं एक महत्त्वाचं. सुपर कॉरिडॉरचे मोकळे प्लॉट बघून हात शिवशिवतात, पण एअरपोर्ट अगदी जवळ आहे, तिथे नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटच्या नकाशावर हिरवा भाग बघूनच जा. ड्रोन रूल्स २०२१ मध्ये विमानासारखे आरसीही येतात. नॅनो म्हणजे २५० ग्रॅमपर्यंत, आणि मायक्रो म्हणजे २ किलोपर्यंत हौसेसाठी उडवलं तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण सर्टिफिकेट नको म्हणजे कुठेही उडवा असं नाही. महूकडे तर लष्कराची छावणी आहे, जास्त जपून. नाहीतर त्या बाजूचा विंध्याचा कडा, जिथून खाली निमाड दिसतो, दक्षिणेकडे तोंड करून आहे, पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा कड्याला आपटून वर चढतो आणि मोटर बंद करून विंग तासभर तरंगेल अशी ती जागा आहे. फक्त ढग पण तिथेच खाली उतरतात, आणि दिसत नसेल तर उडवायचं नाही.

पैशाचं म्हणाल तर ट्रान्समीटर, मोटर, ईएससी, बॅटरी, चार्जर एकदाच घ्या, ट्रेनरमधलं सगळं नंतर विंगमध्ये बसतं, सर्व्हो सुद्धा. त्यामुळे हे की ते असा प्रश्न खरं तर फक्त फोमच्या खर्चाचा आहे. नवीन असाल तर आत्ता ट्रान्समीटर आणि केबल, बाकी दसऱ्याच्या सुमारास. आणि बॅटरी आधीच घेऊन ठेवली असेल तर फुल चार्ज करून कपाटात टाकू नका, सेलमागे ३.८ व्होल्टवर आणा आणि महिन्या-दीड महिन्याने एकदा मीटर लावून बघा, फुगलेली दिसली तर उडवायची नाही.