ब्राउन एल: इंग्लिश घ्यावी की अमेरिकन?

ब्राउन एल हा बिअरचाच एक प्रकार. इंग्लिश असो वा अमेरिकन, दोन्ही ग्लासांतला रंग तपकिरीच दिसतो, म्हणून बरेच जण लेबल बघून किंवा अल्कोहोलचा आकडा बघून ठरवतात. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या शैलीनियमांत इंग्लिश ब्राउन एलचं अल्कोहोल 4.2 ते 5.9 टक्के आणि अमेरिकनचं 4.3 ते 6.2 टक्के दिलं आहे. कडवटपणाचा पट्टा तर दोन्हींचा एकच, 20 ते 30 आयबीयू (हॉप्सचा कडवटपणा मोजायचं एकक). म्हणजे आकडे बघून निवड होणार नाही, ती चाखूनच करावी लागते. माझ्या मते खरा फरक घोट गिळल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात कळतो.

इंग्लिश प्रकारात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पुढे असतो. ग्लास नाकाशी नेला की टॉफी, बिस्किट, भाजलेल्या दाण्यांचा खमंग वास येतो आणि त्यामागे यीस्टची हलकी फळांसारखी झाक. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं, जेमतेम जाणवतात. जिभेवर आधी गोडसर लागतं, पण चांगल्या एलमध्ये तो गोडवा घोटाबरोबरच सरतो आणि तोंड स्वच्छ होतं. तोच गोडवा घशाशी चिकटून राहिला, तर अर्ध्या ग्लासातच कंटाळा येतो. 1927 मध्ये बाजारात आलेली न्यूकॅसल ब्राउन एल बहुतेकांना ठाऊक असते. पण तिच्याआधी, 1902 मध्ये, लंडनची मॅन्स ब्राउन एल आली होती. ती बरीच गोड आणि अल्कोहोल जेमतेम 2.8 टक्के.

अमेरिकन प्रकार बहुधा जास्त गडद असतो. त्यात चॉकलेट माल्टचा (गडद भाजलेल्या माल्टचा) हात मोकळा सोडलेला असतो, त्यामुळे कोको आणि कॅरॅमल ठसठशीत लागतात. वर हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा किंवा पाइनसारखा वास. आयबीयू तेवढेच असूनही ही एल जास्त कडू वाटते, कारण खरपूस माल्टचा स्वतःचा कडवटपणा त्या आकड्यात मोजलेला नसतो. गिळल्यावर हा कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो. तो कोरडा आणि स्वच्छ असेल तर उत्तमच. पण राखेसारखा किंवा करपट लागला तर माल्टचा हिशेब चुकला, असं मी खुशाल म्हणेन.

दोन्ही शेजारी ठेवून चाखणार असाल तर सुरुवात इंग्लिशपासून करा, नाहीतर हॉप्सपुढे तिचा नाजूकपणा कळतच नाही. फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतू नका. 10 ते 12 अंश सेल्सिअसला वास खुलतो, बर्फासारख्या थंड एलमध्ये नुसता बुडबुड्यांचा चटका लागतो. आधी वास घ्या, मग ग्लास उजेडात धरून बघा. ब्राउन एल गडद असली तरी कडेला तांबूस चमक दिसायला हवी. बीजेसीपीच्या 50 गुणांपैकी दिसण्याला फक्त 3, वासाला 12 आणि चवीला 20 गुण असतात. हे प्रमाण मला अगदी रास्त वाटतं.

दोषांकडे मात्र नीट लक्ष द्या. लोण्याचा वास डायअसिटिलचा, म्हणजे बिअर आंबताना तयार होणाऱ्या एका द्रव्याचा. इंग्लिश एलमध्ये तो अगदी पुसट असला तर चालून जातो, ठळक असेल तर नाही. ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर बिअर जुनी झालेली किंवा तिला हवा लागलेली. आणि पारदर्शक काचेची बाटली उजेडात राहिली की हॉप्समधली द्रव्यं फुटून स्कंक या प्राण्यासारखा उग्र दर्प येतो. गडद काचेची बाटली किंवा कॅन मिळत असेल तर तोच उचला.

जेवणाबरोबर हळूहळू एक-दोन ग्लास प्यायचे असतील तर मी इंग्लिश सुचवेन. पोर्टर ही गडद, खरपूस बिअर आवडते पण त्यात थोडा हॉप्सचा सुगंध हवा, असं म्हणणाऱ्याने अमेरिकन घ्यावी. आयपीए ही हॉप्सप्रधान बिअर पिणाऱ्यालाही तीच जवळची वाटेल. मात्र तिच्या बाटलीवरची तारीख आवर्जून बघा. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, आणि तो गेला की उरते ती नुसती जड, कडवट बिअर. माल्टवर उभी असलेली इंग्लिश एल त्या मानाने थोडा जास्त काळ तग धरते.