ऑनसेन ऱ्योकानची एक रात्र: पैसे कशाचे, आणि मुंबईकरांचे कुठे वाया जातात

मुंबईहून जपानला जाऊन आलेल्यांच्या बोलण्यात ऑनसेनवाल्या ऱ्योकानबद्दल, म्हणजे गरम झऱ्याचं स्नान असलेल्या तिथल्या पारंपरिक निवासांबद्दल, तीन तक्रारी हमखास येतात. खोलीत पलंग नव्हता, जेवणात सगळीकडे माशाचा वास होता आणि अंघोळ चारचौघांत उघड्याने करायची होती. त्याच गावातल्या तशाच ऱ्योकानमध्ये राहून आलेली दुसरी मंडळी मात्र तीच रात्र सहलीतली सगळ्यात सुखाची म्हणून सांगतात. बुकिंग करताना काय लिहिलं आणि दारात किती वाजता पोचलं, एवढ्यावर बरंचसं ठरतं.

आधी पैशांचं. ऱ्योकानचा दर बहुतेक ठिकाणी माणशी असतो, खोलीमागे नाही, आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. मध्यम दर्जाच्या जागी माणशी १५ ते ३० हजार येन लागतात. खोलीलाच गरम पाण्याचं खासगी कुंड हवं असेल तर आकडा आणखी चढतो. जपानी साइटवर २२ हजार पाहून ‘खोली स्वस्त मिळाली’ असं वाटून घेतलं, की चौघांचं बिल आल्यावर धक्का बसतो. त्याशिवाय स्नानाचा स्थानिक कर असतो, बहुतेक गावांत माणशी १५० येन, आणि तो निघताना वेगळा भरावा लागतो. टीप देऊ नये, कोणी अपेक्षाही करत नाही.

या पैशांत मिळतात ते दुपारी ३ ते दुसऱ्या दिवशी सकाळी १० हे एकोणीस तास. पोचल्यावर एक स्नान, सहा-सातच्या सुमारास जेवण, झोपण्याआधी दुसरं स्नान, पहाटे तिसरं, मग न्याहारी. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी ६ नंतर पोचलात तर जेवण मिळत नाही, आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत. मुंबईहून निघणाऱ्या ग्रुप टूरच्या कार्यक्रमात ‘ऑनसेन हॉटेलमध्ये मुक्काम’ असं ठळक छापलेलं असतं, पण बस सात वाजता पोचते आणि सकाळी आठला बॅगा खाली मागवल्या जातात. अशा मुक्कामाला आम्ही ऑनसेन म्हणणार नाही. पैसे भरण्याआधी टूरवाल्यांना फक्त दोन गोष्टी विचारा: हॉटेलात पोचायची वेळ आणि निघायची वेळ.

आता पाणी. आपल्याला वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडं माहीत असतात, त्यामुळे गरम झरा म्हटलं की जमिनीतून उकळतं पाणी वर येतंय असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. जपानचा १९४८चा ऑनसेन कायदा त्याहून सैल आहे. झऱ्याच्या तोंडाशी पाणी २५ अंश किंवा जास्त असावं, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक तरी पुरेशा प्रमाणात असावा. म्हणजे कोमट पाणी बॉयलरने तापवून दिलं तरी ते कायद्याने ऑनसेनच. म्हणून कपडे बदलायच्या खोलीतला पाण्याचा फलक पाहावा. पाण्यात साधं पाणी मिसळतात का, ते तापवतात का, गाळून पुन्हा फिरवतात का आणि त्यात क्लोरीन किंवा दुसरं काही घालतात का, या चार गोष्टी जाहीर करणं २००५ पासून बंधनकारक आहे. आदल्या वर्षी एका नावाजलेल्या गावात पाणी दुधाळ दिसावं म्हणून त्यात पावडर घातल्याचं उघड झालं होतं, त्यातून हा नियम आला.

झऱ्याचं पाणी सतत येऊन काठावरून वाहून जात असेल तर त्याला ‘काकेनागाशी’ म्हणतात. जास्त पैसे मोजायचे तर त्यासाठी मोजा. फिरवून वापरलेलं पाणी म्हणजे फसवणूक, असं मात्र नाही. मोठ्या हॉटेलांत शेकडो माणसं उतरतात, तिथे गाळणी आणि क्लोरीन नसेल तर लेजिओनेलासारख्या जंतूंचा धोका असतो. फक्त दर तसा हवा.

बायकांनी नीट वाचावी अशी एक गोष्ट, कारण ती हॉटेलवाले बहुधा नुसती एका ओळीच्या पाटीवर सांगतात. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची चेन हे सगळं खोलीतल्या तिजोरीत ठेवून मगच खाली उतरा. जोडवी घट्ट बसली असतील तर ती मुंबईतच सैल करून घ्या, तिथे ओल्या फरशीवर बसून ओढत बसण्यात अर्थ नाही. मंगळसूत्राच्या सोन्यातही तांबं किंवा चांदी मिसळलेली असते, त्यामुळे तेही काढलेलं बरं. आम्लधर्मी झरे आणखी तिखट. कुसात्सू या गावच्या पाण्याचा पीएच २च्या आसपास, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका. त्या पाण्याने तोंड धुऊ नका, डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. त्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग केलेलं असेल तर कातडी चुरचुरते. बाहेर पडताना साध्या पाण्याने अंग धुवा. मऊ, साध्या पाण्याच्या झऱ्याला याची गरज नसते, तिथे नुसतं टिपून घेतात.

स्नानाच्या रीतीचा बाऊ केला जातो, पण चौरंगावर बसून बादली-तांब्याने अंघोळ केलेल्या माणसाला ती परकी वाटू नये. खोलीतून छोटा आणि मोठा असे दोन्ही टॉवेल घेऊन निघा, बऱ्याच ठिकाणी खाली टॉवेल नसतात आणि हे ओलं झाल्यावर कळतं. दारावरच्या कापडी पडद्याचं अक्षर पाहा: वर चार खणांची खिडकी असलेलं पुरुषांचं, कात्रीसारख्या छेदणाऱ्या रेषांचं बायकांचं. रंगावर किंवा कालच्या आठवणीवर जाऊ नका. पुष्कळ ऱ्योकान रात्री दोन्ही बाजू अदलाबदल करतात, म्हणजे दोघांनाही दोन्ही कुंडं मिळतात. काल संध्याकाळी डावीकडे गेलेला माणूस आज पहाटे डोळे चोळत पुन्हा डावीकडेच वळला, की गोंधळ ठरलेलाच.

कपडे सगळे बाहेरच्या टोपलीत. पोहण्याचा पोशाख चालत नाही, मोबाईल तर आत नेऊच नये. नळासमोरच्या बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करा. उभ्याने केली तर शेजारच्यावर शिंतोडे उडतात. केसाला तेल असेल तर शॅम्पूने पूर्ण काढा, एका डोक्याच्या तेलाने अख्ख्या कुंडावर तवंग येतो. लांब केस वर बांधा. आत उतरण्याआधी पायांपासून वर असं कुंडातलं पाणी अंगावर घ्या, म्हणजे ४०-४२ अंशांचा चटका एकदम बसत नाही. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. पहिल्यांदा पाच ते दहा मिनिटं पुरेत. कपाळावर घाम आला की काठावर बसा, मग हवं तर परत उतरा. चक्कर येते ती बहुतेक वेळा पट्कन उभं राहिल्याने, पोट रिकामं असल्याने किंवा बिअर घेऊन उतरल्याने. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी थंडीत उघड्यावरच्या कुंडाकडे जाताना जास्त जपावं, कारण गार हवा आणि गरम पाणी यांचा झटका एकामागून एक बसतो. गरोदरपण २०१४ मध्ये सरकारी निषेधांच्या यादीतून काढलं गेलं, तरी आपल्या डॉक्टरांना विचारूनच उतरा.

संकोच हा खरा अडसर असेल तर त्यावर उपाय आहे. ‘काशिकिरी’ म्हणजे तासभर किंवा पाऊण तास फक्त आपल्या कुटुंबासाठी आतून कडी लावता येणारं कुंड. काही ठिकाणी ते फुकट, काही ठिकाणी दोन-चार हजार येन. पोचल्या पोचल्या वेळ नोंदवा, संध्याकाळच्या वेळा लगेच जातात. अंगावर टॅटू असेल तरी हाच मार्ग सोपा, कारण सार्वजनिक कुंडात पुष्कळ जागी नकार मिळतो.

जेवणाच्या बाबतीत आपल्या लोकांची सगळ्यात जास्त निराशा होते, म्हणून हे सविस्तर. ‘शाकाहारी’ एवढंच लिहिलं की तिथल्या स्वयंपाकघरात त्याचा अर्थ बहुधा ‘ताटात मांसाचा तुकडा नको’ असा होतो. पण जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचा पातळ रस्सा, आणि साधा दाशी सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उकडलेल्या भाज्या, टेम्पुरा म्हणजे तिथल्या भज्यांबरोबरची पातळ चटणी, अंड्याचं वाफवलेलं कस्टर्ड, या सगळ्यांत तो असतो. थंडगार टोफूवरही तोच कीस भुरभुरलेला येतो. उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आंबट फळांच्या काही प्रकारांतही तो सापडतो. म्हणून बुकिंगच्या वेळीच असं लिहा: मांस, मासे, कोळंबी-खेकडे नकोत, माशाचा दाशीही नको, कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमचा दाशी चालेल, अंडं आणि दूध चालतं की नाही. जायच्या किमान आठवडाभर आधी त्यांचं लेखी उत्तर येऊ द्या. काइसेकी म्हणजे ऱ्योकानच्या रात्रीच्या पारंपरिक जेवणाचे आठ-दहा पदार्थ ठरलेल्या मालातून आधीच आखलेले असतात, संध्याकाळी पाच वाजता काउंटरवर सांगून काही बदलत नाही.

एखाद्या ऱ्योकानने ‘जमणार नाही’ असं सरळ कळवलं तर त्यावर रागावू नये. न जमताही हो म्हणणाऱ्यांपेक्षा ते बरे. तिथे ‘सुदोमारी’ म्हणजे बिनजेवणाचा दर घ्या. पाणी तेच मिळतं, खर्च बराच कमी होतो. सोबत दादरहून घेतलेलं मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली, आणि तिथल्या दुकानातून मायक्रोवेव्हमध्ये गरम होणारा भाताचा डबा, एवढ्यावर रात्र भागते. जैन पद्धतीने जेवणाऱ्यांना आम्ही हाच पर्याय सुचवू. काइसेकीत मुळा, गाजर, बटाटा टाळणं कठीण असतं.

मासे खाणाऱ्या मंडळींना मात्र ऱ्योकानचं जेवण म्हणजे पर्वणी. न्याहारीला भाजलेला मासा, भात, मिसो सूप, नोरी (समुद्री शेवाळाचे पातळ कागद) आणि कधीकधी ‘ऑनसेन तामागो’. हे अंडं ६५-७० अंशांच्या पाण्यात सावकाश शिजवतात. पिवळा बलक त्या तापमानाला घट्ट होऊ लागतो, पांढऱ्याला जास्त उष्णता लागते, म्हणून पिवळं आळलेलं आणि पांढरं थुलथुलीत, असं उलटं अंडं हाती येतं. अंडं कच्चं नसतं, परत पाठवू नका.

खोलीबद्दलची तक्रार मात्र अर्धी रास्त आहे. जेवायला गेल्यावर तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, गाद्या घातल्या जातात, बसायला पाय नसलेल्या खुर्च्या असतात. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना एवढं खाली बसणं-उठणं जड जातं, आणि स्नानाचं स्टूलही वीतभरच उंच असतं. पलंगाची खोली आणि जेवायला टेबल-खुर्ची आधी मागितली तर पुष्कळ ठिकाणी मिळते. जुन्या लाकडी इमारतीत लिफ्ट नसते, तेही विचारा. तातामीवर चाकाची बॅग ओढायची नाही आणि स्लिपर घालायच्या नाहीत. संडासाच्या स्लिपर वेगळ्या, त्या तिथेच सोडायच्या. युकाता हा तिथला सुती अंगरखा घालताना डावी बाजू उजवीवर घ्या, उलटी फक्त मृतदेहाला नेसवतात.

गावं कुठली? पहिल्यांदा जाणाऱ्यांना आमचं मत किनोसाकीला. क्योतोहून थेट रेल्वेने अडीच तासांच्या आसपास, सगळं चालत फिरण्याजोगं. गाव सात सार्वजनिक स्नानगृहांसाठी ओळखलं जातं आणि ऱ्योकानच्या पाहुण्यांना त्यांचा पास मिळतो. टॅटूलाही त्यांत मनाई नाही. प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी वेगवेगळी, ती पाहून घ्या. पाण्याचा दर्जा हाच निकष असेल तर कुसात्सू. तिथे मिनिटाला ३२ हजार लिटरहून जास्त पाणी आपोआप वर येतं, आणि त्यात साधं पाणी मिसळून ते पातळ करायचं नाही म्हणून लांब फळ्यांनी ढवळून निववायची जुनी रीत आजही दाखवतात. तोक्योहून रेल्वे आणि बस मिळून तीन तास धरा. लहान मुलं बरोबर असतील तर हे पाणी जरा कडकच. हाकोने तोक्योतल्या शिंजुकूहून दीड तासावर, सोयीचं, पण गर्दीचं, आणि हॉटेलागणिक पाणी बदलतं, त्यामुळे तिथे फलक पाहिल्याशिवाय दर मान्य करू नका. ओसाकाच्या बाजूला आरिमाचं तांबूस पाणी लोहाचं आणि खारट, पांढऱ्या कपड्यावर डाग राहतो.

शुद्ध शाकाहारी कुटुंबाने एक रात्र कोयासानच्या मंदिर-निवासात काढावी. इसवी सन ८१६ मध्ये कूकाई यांनी वसवलेल्या या डोंगरावरच्या मंदिरांत भिक्षूंचं मांस-मासे नसलेलं, कांदा-लसणाशिवायचं जेवण मिळतं. तिळाचा टोफू आणि सुकवलेला कोया टोफू तिथे आवर्जून खावा. दाशीबद्दल मात्र तिथेही एकदा विचारून घ्या. बहुतेक निवासांत गरम झरा नसतो, साधं मोठं स्नानकुंड असतं. झऱ्यासाठी दुसऱ्या गावी बिनजेवणाची एक रात्र जोडा.

तारखांचं शेवटी, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात. मुंबईतल्या शाळांना मेची सुट्टी लागते तेव्हा जपानचा गोल्डन वीक हा सुट्ट्यांचा आठवडा चालू असतो, २९ एप्रिल ते ५ मे. त्या दिवसांत दर चढलेले आणि काशिकिरीच्या वेळा भरलेल्या. ७ मेनंतरचे रविवार ते गुरुवार धरा, शनिवारची रात्र टाळा. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर डोंगरातल्या गावांत पानं लाल होण्याचा काळ असतो, तेव्हा तीन-चार महिने आधी बुकिंग करा आणि जेवणाचा तो मजकूर त्याच दिवशी पाठवा.