भुलीच्या आदल्या दिवशीचा अर्धा तास

आईच्या पित्ताच्या पिशवीतले खडे काढायला आम्ही गेल्या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या दवाखान्यात गेलो होतो. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी घरी आलो, आई आता ठीक आहे. सर्जनबद्दल लोक भरपूर लिहितात, त्यांचा हात चांगला आहे हे मलाही मान्य. मला लिहायचंय ते भूल देणाऱ्या मॅडमबद्दल, कारण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

भुलीची धास्ती माझ्या मनात 2011 पासून आहे. गंगावेशीत आमचा दुधाचा धंदा. पहाटे चारला उठून धारा काढायच्या आणि पहिला पेला आपण प्यायचा, ही वडिलांपासूनची सवय. त्या साली माझं हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या एका दवाखान्यात झालं. रात्री बारानंतर काही खायचं नाही एवढंच सांगितलं होतं. आमच्या घरात दूध पिणं म्हणजे खाणं नव्हेच. मी नेहमीप्रमाणे धार काढली, पेलाभर दूध प्यालो आणि दवाखान्यात जाऊन झोपलो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पाठीतून भूल दिली आणि थोड्या वेळात जीव कासावीस होऊन उलटी झाली. शुद्धीवर होतो म्हणून मान वळवता आली. त्यानंतर चार दिवस उठून बसलं की डोकं फुटायची वेळ, आडवं झालं की बंद. का, ते कुणी सांगितलं नाही.

म्हणून आईच्या वेळी मी सर्जनना पहिलाच प्रश्न विचारला की भूल कोण देणार आणि आधी भेटणार का. ते म्हणाले, आदल्या दिवशी दुपारी या, मॅडम तपासतील.

मॅडमनी आईला समोर बसवून अर्धा तास दिला. फाईल उघडायच्या आधी विचारलं, "मावशी, दोन जिने न थांबता चढता का?" आई म्हणाली, "जोतिबाला जाती की दर चैत्रात. पायऱ्या चढून." मॅडम हसल्या आणि लिहून घेतलं. मग तोंड पूर्ण उघडायला लावलं, जीभ बाहेर काढायला सांगितली, मान मागे-पुढे करून बघितली, एकेक दात बोटानं हलवून पाहिला. खालचा एक हलत होता. पूर्ण भुलीत घशातून श्वासनळीत नळी घालावी लागते, तेव्हा हलता दात तुटून आत जाऊ शकतो, म्हणून तो आधीच नोंदवला. हिरड्या बघून विचारलं, "मिसरी लावता?" आई माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "व्हय, सकाळ-संध्याकाळ." रागावल्या नाहीत. तंबाखूनं नाडीचे ठोके वाढतात, आज संध्याकाळपासून अजिबात नको, आणि सकाळी तोंडात काहीही राहता कामा नये, असं दोनदा सांगितलं.

घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, कसली अॅलर्जी, बीपीची गोळी कोणती, हे सगळं विचारलं. टेल्मिसार्टनची गोळी ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची नाही, कारण भुलीत बीपी जास्त उतरू शकतो. मग विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? काढा, चूर्ण, पुडी?" आई म्हणाली, काही न्हाई. मॅडम गप्प बसून राहिल्या. थोड्या वेळानं परत तोच प्रश्न, वेगळ्या शब्दांत: "गुडघ्याला काय लावता, काय खाता?" तेव्हा बाहेर आलं की आई आठ महिने आठवडी बाजारातून सांधेदुखीची पुडी आणून खाते आहे. मलाही ठाऊक नव्हतं. पुडीवर नाव नाही, काही नाही.

अशा बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं, त्यानंच दुखणं पटकन थांबतं, असं त्यांनी समजावलं. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉईड मिळालं की शरीर आपलं आपण बनवायचं कमी करतं. मग ऑपरेशनच्या ताणाला शरीर पुरं पडत नाही आणि बीपी एकदम कोसळू शकतो. त्यांनी फाईलवर लाल पेनानं लिहिलं, हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉईडचंच इंजेक्शन, तयार ठेवायचं. मी तिथं बसून घामाघूम झालो. हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नसता तर ती पुडी आईच्या कमरेच्या पिशवीतच राहिली असती.

उपाशी राहण्याचं मीच विचारलं, माझी 2011 ची गोष्ट सांगून. त्यांनी कागदावर आकडे लिहून दिले. साधं पाणी, कोरा चहा ऑपरेशनच्या 2 तास आधीपर्यंत. दूध, दुधाचा चहा, हलकं खाणं 6 तास. मटण, रस्सा, तळलेलं असलं तर 8 तास किंवा जास्त. "दूध पोटात गेलं की फाटतं, तुम्हाला मी काय सांगू," त्या म्हणाल्या. खरंच, एवढी वर्षं दूध विकतोय आणि हे ध्यानात आलं नव्हतं. पातळ दिसतं, पण पोटात त्याची घट्ट गाठ होते. पूर्ण भुलीत ठसका लागत नाही, गिळता येत नाही, त्यामुळे पोटातलं वर आलं तर सरळ फुफ्फुसात जातं. माझ्या उलटीला पाठीच्या भुलीनं उतरलेला बीपीही कारण असू शकतो असं त्या म्हणाल्या, पण मी जागा होतो हे माझं नशीब. डोकेदुखीचंही कारण सांगितलं. मणक्यातल्या सुईच्या भोकातून पाणी झिरपत राहतं, म्हणून उठून बसलं की डोकं दुखतं. आता बारीक सुया वापरतात, त्यामुळे हा त्रास बराच कमी झालाय. नाहीच थांबलं तर रुग्णाचंच थोडं रक्त तिथं सोडून भोक बंद करतात. आणि आमच्या गल्लीत सगळे म्हणतात तशी त्या सुईनं कंबर जन्मभर दुखत नाही, टोचल्या जागी चार दिवस दुखतं एवढंच.

ऑपरेशन सकाळी नऊचं होतं. मंगळसूत्र काढायला आई तयार होईना. सिस्टरनी मनगटात काळा दोरा बांधायला दिला, आणि हिरव्या बांगड्या न वाढवता साबण लावून एकेक सोडवल्या. डोळे पाणावले होते आईचे, पण गेली.

इथवर उत्तम, आणि इथंच दवाखान्याची चूक. नऊचं ऑपरेशन सव्वाबाराला लागलं, आधीची केस लांबली म्हणून. आईनं शेवटचं पाणी सात वाजता घेतलं होतं. दहाला तिची जीभ टाळूला चिकटायला लागली. मॅडमच्या कागदाप्रमाणे दोन घोट पाणी चाललं असतं, पण वॉर्डातल्या सिस्टरनी ठाम नकार दिला आणि आत विचारायलाही कुणी गेलं नाही. मी कागद दाखवला तर म्हणाल्या, आमचा नियम रात्री बारानंतर सगळं बंद. एकाच इमारतीत दोन नियम कसे? सदुसष्ट वर्षांच्या बाईला सव्वापाच तास पाण्याविना ठेवलं, याचा मला अजून राग आहे.

तेवढ्या वेळात मी ऑपरेशन थिएटरबाहेरचा तक्ता चार वेळा वाचला. 16 ऑक्टोबर 1846 ला बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं रुग्णाला इथर हुंगवून सर्वांसमोर शस्त्रक्रिया करू दिली, म्हणून त्या दिवशी जागतिक भूल दिन पाळतात. त्याआधी माणसाला दाबून धरायचे. मी आईकडे बघितलं आणि पुढचं वाचवेना.

आत नेताना मी मॅडमना विचारलं, भूल देऊन तुम्ही बाहेर जाता का? "आई जागी होईपर्यंत मी तिच्या डोक्याशी असते," त्या म्हणाल्या. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साईडची रेघ, बीपी, ईसीजी, सगळं त्या बघत असतात. औषध कमी पडतंय की जास्त होतंय ते त्या रेघांवरून आणि रुग्णाच्या अंगावरून कळतं.

आईला नंतर एवढंच आठवत होतं, "दुधागत पांढरं इंजेक्शन होतं बघ. हात चरचरला, आणि मग काय न्हाई." ते प्रोपोफोल, झोपवायचं भुलीचं औषध. सोयाबीन तेलात मिसळलेलं असतं म्हणून पांढरं दिसतं, आणि शिरेत जाताना चरचरतं.

शुद्धीवर आल्यावर आई कुडकुडत होती, लगेच गरम पांघरूण घातलं. दोन दिवस आवाज बसला, नळीमुळे. उजवा खांदा दुखला, तो दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे. दोन्ही आधी सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. रात्री मात्र आई एकदम उठून बसली आणि "चंद्रीला पाणी दावलं का?" म्हणायला लागली. चंद्री म्हणजे आमची म्हैस, विकून बारा वर्षं झाली. मॅडमनी सांगितलं होतं की वयस्कर माणसाला भुलीनंतर असा गोंधळ होऊ शकतो, चष्मा लगेच द्या, ओळखीचं माणूस जवळ ठेवा, दिवा चालू ठेवा. मी चष्मा लावला, हात धरला, "दावलं आई, दावलं" म्हटलं. सकाळी ती स्वच्छ बोलत होती.

बिलात भुलीचे साडेसात हजार एका ओळीत लावलेत. त्यात मॅडमची फी किती आणि औषधं किती ते विचारलं तर काऊंटरवर सांगता आलं नाही. हे लिहून द्यायला हवं.

पाचपैकी चार स्टार. एक पाण्यासाठी कापला. त्याची तक्रार मी लेखी दिलीय. तपासणी दुपारी चारनंतर असते, गर्दी असते, वेळ घेऊन जा. आणि घरातली गोळ्या, काढे, पुड्या यांची अख्खी पिशवीच बरोबर न्या. आईची पुडी आता फॅमिली डॉक्टरांकडे आहे. ती एकदम बंद करायची नाही, ते सांगतील तशी हळूहळू, असं मॅडमनी घरी सोडताना बजावलंय.